भूशास्त्रात करिअर: मुलींचे, आणि त्यांच्या आईवडिलांचे, नेहमीचे प्रश्न

मी ठाण्यात राहते. अभियांत्रिकी भूशास्त्र हे माझं काम. बोगदा, पूल किंवा डोंगरकापणी सुरू होण्याआधी आणि काम चालू असताना तिथला खडक कसा आहे, कुठे दगा देईल, हे सांगायचं. या कामाला अठरा वर्षं झाली. कॉलेजांत बोलायला गेले, सोसायटीत कुणी भेटलं, लोकलमध्ये हेल्मेट बघून कुणी विचारलं, की प्रश्न साधारण हेच असतात. काही मुलींचे आहेत, काही त्यांच्या आईवडिलांचे. ज्याने विचारला त्याच्याशी बोलावं तशी उत्तरं दिली आहेत.

ताई, भूशास्त्र म्हणजे भूगोलच ना?

नाही. भूगोलात डोंगर कुठे आहे ते शिकतो. भूशास्त्रात तो कशाचा बनलाय, कधी बनला, आतून कुठे तडकलाय आणि कधी खाली येईल ते शिकतो. पाणी, तेल, खनिजं, भूकंप, दरडी, इमारतींचे पाये, हे सगळं त्यात येतं. जमिनीत न उतरता चुंबकत्व, विद्युतरोध किंवा कंपनलहरी मोजून आतलं ओळखायचं ते भूभौतिकी. त्यासाठी गणित आणि भौतिकशास्त्र पक्कं हवं.

ठाणे-नवी मुंबईत राहून या विषयात काही करता येतं का? की झारखंडातल्या खाणींच्या धनबादलाच जावं लागतं?

मला हा प्रश्न फार आवडतो, कारण उत्तर खिडकीबाहेर दिसतं. आपल्या पायाखालचा काळा कातळ म्हणजे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी थरावर थर पसरलेला लाव्हा. माथेरानला हे थर जवळजवळ आडवे दिसतात. इकडे पारसिकच्या डोंगराकडे आणि पुढे मुंबईत तेच थर समुद्राच्या बाजूला कललेले आहेत. हे कलणं जिथे सुरू होतं तो पट्टा पनवेलच्या नावाने ओळखला जातो. भूशास्त्राच्या साहित्यात त्याचं नाव 'पनवेल फ्लेक्शर'. वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरीच्या कुंडांत येणारं गरम पाणी जमिनीतल्या खोल भेगांतून वर चढतं. कान्हेरीची लेणी ज्या खडकात कोरली आहेत तो साधा कातळ नाही. ज्वालामुखीतून फेकलेले तुकडे सांधून तो बनलाय. हे सगळं आपल्याला बसने आणि लोकलने गाठता येतं.

कामंही आहेत. पारसिकच्या पोटातून जाणारा रेल्वे बोगदा १९१६ सालचा. आता राष्ट्रीय उद्यानाखालून ठाणे-बोरिवली जोडबोगदा होतोय. बुलेट ट्रेनचा बीकेसी ते शिळफाटा बोगदा २१ किलोमीटरचा आहे, त्यातले सुमारे ७ किलोमीटर ठाणे खाडीखालून जातात. नवी मुंबई विमानतळासाठी उलव्याचा डोंगर कापला गेला. नवी मुंबईचा बराच भाग खाडीच्या मऊ गाळावर आहे. तिथे उंच इमारतीचा पाया गाळ भेदून खडकात नेऊन टेकवावा लागतो, आणि खडक किती खोल आहे हे ड्रिलिंगचे कोअर, म्हणजे यंत्राने खोलातून काढलेले खडकाचे दंडगोल, वाचणारं माणूसच सांगतं.

संशोधनात जायचं असेल तर भारतीय भूचुंबकत्व संस्थेचं मुख्यालय नवीन पनवेलला आहे. तिचं मूळ कुलाब्याच्या वेधशाळेत, जिथे १८४१ पासून पृथ्वीचं चुंबकत्व मोजलं जात होतं. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांनी मोजमाप बिघडेल, म्हणून १९०४ साली हे काम अलिबागला हलवलं. या संस्थेचे लोक अंटार्क्टिकावरच्या मैत्री केंद्रापर्यंत मोजमापं करतात, आणि पनवेल स्टेशनहून संस्थेत रिक्षाने जाता येतं.

बारावीनंतर नेमकं कुठे प्रवेश घेऊ?

बारावी सायन्सनंतर भूशास्त्रात बीएस्सी. मुंबईत सेंट झेवियर्स, पुण्यात फर्ग्युसन. हा विषय थोड्याच कॉलेजांत मिळतो, म्हणून अर्ज भरण्याआधी कॉलेजात स्वतः जा. विभाग चालू आहे का, प्रयोगशाळेत खडकांचे नमुने आणि सूक्ष्मदर्शक आहेत का, वर्षाला किती फील्ड ट्रिप निघतात, हे विचार. ज्या विभागाची फील्ड ट्रिप कागदावरच होते तिथे जाऊ नकोस.

बीएस्सीनंतर 'जाम' ही परीक्षा देऊन पवईच्या आयआयटीत एमएस्सी करता येतं. तिथे उपयोजित भूशास्त्रही आहे आणि उपयोजित भूभौतिकीही. पुणे आणि नागपूर विद्यापीठांत एमएस्सी आहेच. आधी सिव्हिल इंजिनीअरिंग करून मग या बाजूला वळलेल्या मुलीही माझ्या ओळखीत आहेत. एवढं मात्र लक्षात ठेव: नुसत्या बीएस्सीवर चांगली कामं कमी मिळतात. एमएस्सीची तयारी मनात ठेवूनच ये.

सरकारी नोकरी आहे का?

आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण ही १८५१ सालची संस्था. तिची भरती यूपीएससीच्या संयुक्त भूवैज्ञानिक परीक्षेतून होते: पूर्व, मुख्य आणि मुलाखत. एमएस्सी लागते, वय २१ ते ३२, राखीव प्रवर्गांना नियमाप्रमाणे सवलत. मुलींना परीक्षा शुल्क नाही. नोकरी गट अ ची, मूळ वेतन ५६,१०० पासून. केंद्रीय भूजल मंडळाच्या शास्त्रज्ञांच्या जागाही याच परीक्षेतून भरतात. राज्यात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा, तसंच भूविज्ञान आणि खनिकर्म संचालनालय आहे. ओएनजीसीसाठी त्या वर्षीची जाहिरात बघ, काही वेळा 'गेट' परीक्षा लागते. पीएचडीसाठी नेट.

सर्वेक्षणात निवड झाली की देशात कुठेही नेमणूक होते, हे घरी आधीच सांगून ठेव. निकाल लागल्यावर पहिल्यांदा ती चर्चा सुरू झाली तर फार त्रास होतो.

मॅडम, मुलीला डोंगरात पाठवायचं म्हणजे जिवाला घोर. सुरक्षित असतं का?

तुमची काळजी खरी आहे. पण धोका तुम्हाला वाटतो तिथेच असतो असं नाही. अठरा वर्षांत मला माणसांपेक्षा उन्हाने, निसरड्या कातळाने आणि भरधाव गाड्यांनी जास्त घाबरवलंय. कोकणात फुरसं असतं, दगड उचलताना ते हातालाच चावतं. येऊरला बिबट्या आहे आणि परवानगीशिवाय जंगलात जाता येत नाही.

आम्ही पाळतो ते नियम साधे आहेत. एकटीने जायचं नाही, दोघी किंवा दोघं तरी हवीत. कुठल्या वाटेने जाणार आणि किती वाजता परतणार हे कागदावर लिहून ऑफिसात ठेवायचं, कारण घाटात मोबाइलला रेंज नसते. गावात पोचल्यावर आधी सरपंच किंवा पोलीस पाटलांना भेटायचं. आपण कोण आणि दगड का फोडतोय हे सांगितलं की अर्धा संशय तिथेच संपतो. उलट दुपारी जेवल्याशिवाय सोडत नाहीत. अंधार पडायच्या तासभर आधी गाडीशी यायचं. मुलीच्या कंपनीला हे नियम विचारा. ज्यांच्याकडे उत्तर नाही त्यांच्याकडे मुलालाही पाठवू नका.

विचारायला लाज वाटते, पण फील्डवर बाथरूमचं आणि पाळीचं काय करता?

लाज वाटायला नको. या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न मला हाच वाटतो, कारण यामुळे हा विषय सोडलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. खडक अवघड म्हणून कुणी सोडला नाही.

सुरुवातीची दोन वर्षं मी साइटवर पाणीच प्यायचे नाही. सकाळी सातला घोटभर चहा, मग संध्याकाळपर्यंत कोरडं. तेव्हा मी शिळफाट्याच्या बाजूला एका कामावर होते. तिथे पुरुषांसाठी निदान पत्र्याचा आडोसा होता, बायकांसाठी काहीच नव्हतं. एप्रिलात मूत्रमार्गाचा संसर्ग ताप चढेपर्यंत वाढला आणि आठवडाभर अंथरुणात काढला. डॉक्टरबाईंनी विचारलं, पाणी का पीत नाहीस? मी खरं कारण सांगितलं. ते मी मोठ्याने बोलले ती पहिलीच वेळ. बरी झाल्यावर ठेकेदाराच्या इंजिनीअरला पत्र लिहिलं: स्त्री कर्मचाऱ्यासाठी कडीचं शौचालय आणि पाणी नसेल तर मी कोअर लॉगिंगला, म्हणजे कोअर तपासून नोंदी करायला, येणार नाही, आणि लॉगिंग झाल्याशिवाय पुढचं ड्रिलिंग होणार नाही. चार दिवसांत शौचालय आलं. तोंडी मी तीन महिने सांगत होते.

तेव्हापासून काम घेतानाच यादीत लिहिते: कोअर बॉक्स, सावली, पिण्याचं पाणी, स्त्रियांसाठी कडी आणि दिवा असलेलं शौचालय. तूही लिही. साइटवर खडी फोडणाऱ्या, डोक्यावर घमेलं वाहणाऱ्या बायाही तेच शौचालय वापरतात. त्यांना तर कुणी विचारलेलंही नसतं.

उघड्या डोंगरात गावातलं घर हा सगळ्यात चांगला आसरा. पहिल्याच घरातल्या काकूंना विचारायचं, त्या समजतात. पाळीसाठी मी मेन्स्ट्रुअल कप वापरते, कारण दहा-बारा तास सोय नसली तरी चालतं आणि कचरा मागे राहत नाही. त्याची सवय घरी दोन-तीन महिने करून घे, फील्डच्या पहिल्या दिवशी नको. पॅड वापरत असशील तर वापरलेली परत आणायला जाड पिशवी ठेव. गडद रंगाची पॅंट, ओले रुमाल, वेदनाशामक गोळी, आणि त्रास होत असेल तर सोबत्याला सरळ सांगायचं, 'आज पाळी आहे, चढ सावकाश घेऊ.' एकदा सांगितलं की पुढे सोपं जातं.

बाई बोगद्यात गेली की अपशकुन होतो म्हणतात. कायद्यानेही बंदी आहे ना?

आधी कायदा. १९५२ च्या खाण कायद्यात स्त्रियांना जमिनीखालच्या खाणीत काम करायला मनाई होती, आणि वरच्या कामावरही संध्याकाळी ७ ते सकाळी ६ बंदी होती. २०१९ मध्ये ती शिथिल झाली. जमिनीखाली तांत्रिक आणि देखरेखीची कामं दिवसा करता येऊ लागली. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितेत स्त्रीची संमती आणि सुरक्षेची व्यवस्था असेल तर रात्रपाळीही खुली आहे. आणि मेट्रोचा किंवा रस्त्याचा बोगदा म्हणजे खाण नव्हे. त्या बंदीचा दाखला देऊन मला एका बोगद्याच्या तोंडाशी अडवलं तेव्हा मला हे माहीत नव्हतं. म्हणून इथे लिहितेय.

आता अपशकुन. ब्लास्टिंग झाल्यावर मक, म्हणजे फुटलेला दगड, काढला की उघड्या पडलेल्या खडकाच्या भिंतीला आम्ही 'फेस' म्हणतो. शॉटक्रीटने, म्हणजे फवारलेल्या काँक्रीटने, तो झाकायच्या आत भूवैज्ञानिकाला तो वाचावा लागतो: सांधे, म्हणजे खडकातल्या भेगा, किती, कुठल्या दिशेने, त्यांत माती भरलीय का, पाणी झिरपतंय का. त्यावरून किती आधार द्यायचा ते ठरतं. हातात अर्धा तास असतो. त्या अर्ध्या तासात मुकादम म्हणाला, ताई, तुम्ही बाहेर थांबा, फोटो काढून आणतो. मी त्याला विचारलं, आत काय भीती आहे? तो म्हणाला, त्याच्या भावाच्या अंगावर दगड पडला होता. त्याची भीती खरी होती, तिचं कारण तेवढं चुकीचं होतं. मी म्हटलं, दगड का पडतो तेच बघायला मी आलेय. आत गेले, छताकडे बोट दाखवून त्याला दोन सांधे कुठे मिळतात आणि मधला पाचरीसारखा तुकडा कसा सुटू शकतो ते दाखवलं. तिथे रॉकबोल्ट, म्हणजे खडक धरून ठेवणाऱ्या लोखंडी सळया, वाढवले. पुढचे आठ महिने फेस उघडला की तोच मला बोलवायला यायचा.

सगळे मुकादम असे ऐकत नाहीत. दोन ठिकाणी मला काम सोडावं लागलं. त्याचं अजून वाईट वाटतं.

साहेब म्हणाले, 'तू रिपोर्ट छान लिहितेस, फील्डला मुलं जातील.' चांगलंच आहे ना? ऊन नाही, धूळ नाही.

नको. हे मी जितक्या कळकळीने सांगू शकते तितक्या कळकळीने सांगते: फील्ड सोडू नकोस.

सांगणाऱ्याच्या मनात वाईट नसतं. बहुतेक वेळा काळजीच असते. पण काय होतं ते मी माझ्या बरोबरीच्या मुलींमध्ये पाहिलंय. पहिल्या वर्षी एक फील्ड सुटतं. दुसऱ्या वर्षी तुझं नाव यादीतच नसतं. पाचव्या वर्षी बढतीच्या वेळी विचारतात, 'स्वतंत्रपणे किती साइट सांभाळल्या?' आणि तुझ्याकडे दुसऱ्यांच्या नोंदींवरून लिहिलेले सुबक अहवाल असतात. शिवाय कोअर बॉक्समध्ये मोडलेला तुकडा ड्रिलमुळे मोडला की खडकच तिथे फुटका होता, हे फोटोत कळत नाही. तुकड्याची कड बोटाने चाचपावी लागते. ते बोट तयार व्हायला शेकडो बॉक्स हाताळावे लागतात. ते वय तेविसाव्या ते तिसाव्या वर्षाचं, आणि नेमकं तेव्हाच आपल्याला सावलीत बसवतात.

म्हणून साहेबांना नम्रपणे म्हण, 'सर, रिपोर्ट मी लिहीनच, पण ज्या साइटचा लिहायचा तिथे मी जाईन.' फील्डचे दिवस वहीत मोजून ठेव: तारीख, ठिकाण, काय काम, किती मीटर कोअर. वर्षाअखेरच्या आढाव्यात ती वही टेबलावर ठेव.

ताकद लागते का?

चढायचा दम लागतो, तो दोन महिन्यांत येतो. हातोडी जोराने नाही, बरोबर कोनात मारावी लागते. नमुन्यांच्या गोण्या पुरुषही एकट्याने उचलत नाहीत.

आधी कुणी बाई या वाटेने गेलीय का?

गेल्यात, आणि फार लांब गेल्यात. १९८३ च्या मोहिमेत अंटार्क्टिकावर पाय ठेवणाऱ्या पहिल्या दोन भारतीय स्त्रियांपैकी एक आदिती पंत. नागपूरचा जन्म, पुण्यात बीएस्सी, मग समुद्रशास्त्र. दुसऱ्या सुदीप्ता सेनगुप्ता, भूवैज्ञानिक. आधी भूवैज्ञानिक सर्वेक्षणात होत्या, पुढे जादवपूर विद्यापीठात शिकवलं, १९९१ चा भटनागर पुरस्कार मिळाला. आपल्या पनवेलच्या भूचुंबकत्व संस्थेच्या संचालकपदी २००५ ते २०१० अर्चना भट्टाचार्य होत्या. मुलाखतीला जाताना ही नावं तोंडपाठ ठेव, कारण 'बायकांना जमतं का' हा प्रश्न अजून येतो.

लग्न आणि बाळंतपण कसं सांभाळलंत?

स्थळ आलं तेव्हा मी त्यांना रविवारी मुंब्र्याच्या डोंगरावर नेलं. तीन तास. कामाचं स्वरूप सांगण्यापेक्षा दाखवणं बरं पडलं.

गरोदरपणात सातव्या आठवड्यालाच ऑफिसात सांगितलं. बोगदा, ब्लास्टिंग आणि खडबडीत रस्त्यांवरचा जीपप्रवास डॉक्टरांनी थांबवायला सांगितला, तो थांबवला. प्रयोगशाळेत तीव्र आम्लांचं काम असेल तर तेही सांग. पगारी प्रसूती रजा २०१७ पासून पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवडे आहे. केंद्र सरकारच्या नोकरीत मूल १८ वर्षांचं होईपर्यंत एकूण ७३० दिवसांची बालसंगोपन रजाही मिळते. परतताना लेखी घेतलं, की सहा महिन्यांनी मला फील्डवर घ्याल. मुलगी दहा महिन्यांची असताना पहिला मुक्काम केला. सासूबाई तिला घेऊन मुरबाडच्या गेस्ट हाउसवर आल्या होत्या. सगळ्यांना असा आधार नसतो, मला होता. ज्यांना नाही त्यांनी एकदिवसीय साइट मागून घ्याव्यात. ठाण्याहून सकाळी जाऊन संध्याकाळी परत येण्याजोगी कामं खूप आहेत.

साइटवर कुणी त्रास दिला तर?

दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समिती असायलाच हवी. त्याहून लहान जागी जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. साइट, कंपनीची गाडी, मुक्कामाचं गेस्ट हाउस, ही सगळी कामाची जागाच धरली जाते. तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार कर. त्याच रात्री तारीख-वेळेसह लिहून ठेव आणि एका माणसाला सांग. सहन करून वरिष्ठांकडून चांगला शेरा मिळवायचा, असा सल्ला कुणी दिला तर ऐकू नकोस.

मध्ये पाच वर्षं खंड पडला. आता कोण घेणार?

विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची 'वाइज-किरण' योजना स्त्री वैज्ञानिकांसाठी आहे, काम सुटलेल्यांसाठीही, ती बघा. तोवर घरी बसून क्यूजीआयएस हे नकाशे बनवायचं सॉफ्टवेअर शिका, ते फुकट आहे. सर्वेक्षणाच्या 'भूकोश' संकेतस्थळावर नकाशे मिळतात. आपल्याच तालुक्याचे उतार, खडक आणि ओढे एका नकाशावर घ्या. दरडींच्या कामात या कौशल्याची गरज फार आहे. २०१४ ला माळीण, २०२१ ला तळिये, २०२३ ला इर्शाळवाडी. दर पावसाळ्यात कुठला उतार कधी खचेल हे बघणारी माणसं कमीच पडतात.

माझं शिक्षण मराठी माध्यमात झालं. इंग्रजीमुळे मागे पडेन का?

पहिलं वर्ष जड जाईल. संज्ञा इंग्रजी आहेत, पण त्या सगळ्यांसाठीच नव्या असतात. अहवालाचं इंग्रजी ठरावीक असतं, वीस अहवाल वाचलेस की येतं.

आणि तुझी मराठी कुठे कामी येते ते सांगते. शहापूर तालुक्यात आम्ही विहिरींची पाहणी करत होतो. भातसा, तानसा, वैतरणा ही धरणं त्याच भागात, आणि उन्हाळ्यात तिथल्याच पाड्यांवर टॅंकर. आमच्या फॉर्मवर प्रश्न होता, 'विहिरीला पाणी किती महिने?' माझ्या सहकाऱ्याला गावातल्या पुरुषांनी सांगितलं, बारमाही. मी पाणवठ्यावर गेले. तिथे एक आजी हंडा घासत होत्या. त्यांनी मला चार विहिरी मोजून दाखवल्या: ही होळीला आटते, ही अक्षय्यतृतीयेला. तिसरीत पाणी असतं पण मचूळ. चौथीत रात्री वाटीवाटीने जमतं, पहाटे तीनला गेलं तर एक हंडा मिळतो. 'आणि खाली उतरलं की उजव्या अंगाच्या लाल मातीतून येतं गं ते,' म्हणाल्या. लाव्ह्याच्या दोन थरांमधला लाल मातीचा पट्टा होता तो. आम्ही तो विहिरीच्या बाहेर ओढ्याच्या काठाने शोधत गेलो, दीडशे मीटरवर पुन्हा सापडला, ओलसर. नकाशावर ती रेघ मी आजींनी दाखवलेल्या जागेपासून काढली.